डायलवरचा आकडा खरा असावा: जुन्या घडणीचा डिजिटल कॅमेरा घेताना आणि शिकताना

मामांचा निकॉन एफएम२ अजून माझ्या कपाटात आहे. बॅटरी काढून ठेवली आहे, रोल नाही. तरी तो हातात घेतला की पुढचा फोटो कसा येणार होता ते सगळं नुसतं बघून कळतं. शटरची डायल १२५ वर. लेन्सची रिंग ८ वर. शटरच्या डायलमध्येच एक बारीक खिडकी आहे, तिच्यात रोलचा वेग: ४००. लग्नात मांडवातून बाहेर उन्हात येताना मामा चालता चालता डायल तीन टिक फिरवायचे, कॅमेऱ्याकडे न बघता. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत निम्मं काम झालेलं असायचं.

हीच घडण आता डिजिटल कॅमेऱ्यात परत आली आहे. वर धातूच्या डायली, बाजूला चामड्यासारखं आवरण, सपाट अंग. असा कॅमेरा घ्यावा असं वाटणारी बरीच मंडळी आतापर्यंत मोबाइलवरच फोटो काढत आलेली असतात, आणि घेतल्यावर महिन्याभरात त्यांच्या डायली एकाच जागी थिजतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. यात एकच आग्रह आहे आणि तो मी पुन्हा पुन्हा धरणार आहे: डायलवर जो आकडा दिसतो, तोच कॅमेरा वापरत असला पाहिजे. जुन्या घडणीची खरी किंमत त्यातच आहे.

आधी तीन आकडे

शटर स्पीड म्हणजे प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा. डायलवर १२५ लिहिलं असेल तर तो सेकंदाचा १२५ वा भाग. ॲपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं भोक केवढं उघडायचं. इथे आकडा मोठा तर भोक लहान, त्यामुळे एफ/१६ ला प्रकाश कमी आणि एफ/२ ला भरपूर. आयएसओ म्हणजे मिळालेल्या प्रकाशावर चित्र किती उजळ करायचं. फिल्मच्या काळी तो रोलबरोबर ठरूनच यायचा आणि ३६ फोटो संपेपर्यंत बदलत नसे.

जुन्या डायलींवर पूर्ण पायऱ्यांचे आकडे असतात, म्हणजे एका टिकेला प्रकाश दुप्पट होतो किंवा निम्मा. शटरला ६०, १२५, २५०, ५००. ॲपर्चरला २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. एका डायलीवर एक टिक प्रकाश घटवला आणि दुसरीवर एक टिक वाढवला, तर फोटोचा उजेड तेवढाच राहतो. एवढं हाताला कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

ही घडण परत कशी आली

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण दुकानात कोणता कॅमेरा कशाचा वारस आहे हे ओळखता यायला हवं.

२००४ साली एप्सनने आर-डी१ काढला. लायका कंपनीच्या एम जातीच्या लेन्स लागणारा हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचा कॅमेरा. सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग, सुमारे ६ मेगापिक्सेलचा. त्याला फिल्म पुढे ओढायच्या खटक्यासारखा खटका होता. फिल्म नव्हतीच, पण दर फोटोआधी तो खटका ओढूनच शटर ताणावं लागायचं. वर घड्याळासारखे काटे होते. किती फोटो उरले, बॅटरी किती आहे हे ते काटे दाखवायचे. मला हा कॅमेरा फार प्रामाणिक वाटतो: खटका ठेवला तो शोभेला ठेवला नाही, त्याला काम दिलं.

लायकाने २००६ साली एम८ आणला. त्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होता. पूर्ण चौकटीचा, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा, एम९ २००९ साली आला. तरी डिजिटल एमचं अंग फिल्मच्या एमपेक्षा जाडच राहिलं. कारण साधं आहे. फिल्म कागदाइतकी पातळ असते. सेन्सरच्या पुढे काच असते, मागे सर्किट, त्याच्या मागे स्क्रीन, आणि हे सगळं लेन्सपासून ठरलेल्या अंतरावरच बसवावं लागतं. म्हणून जाडी मागच्या बाजूला वाढते. २०१७ च्या एम१० मध्ये ती बरीच आटोक्यात आली, आणि जिथे पूर्वी रोल गुंडाळायची मूठ असायची नेमक्या त्या जागी आयएसओची डायल बसवली. जुन्या जागेला नवं काम देण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ऑलिंपसचा पेन हा १९५९ चा अर्ध्या चौकटीचा (एका फोटोच्या जागेत दोन फोटो घेणारा) कॅमेरा, योशिहिसा मायतानी यांनी घडवलेला. त्याला ५० वर्षं झाली तेव्हा, २००९ साली, डिजिटल पेन ई-पी१ आला. मायतानींचाच ओएम-१ १९७२ चा. त्याचं रूप २०१२ च्या ओएम-डी ई-एम५ मध्ये आणि आता २०२५ च्या ओएम-३ मध्ये दिसतं. फुजीफिल्मने एक्स१०० सप्टेंबर २०१० मध्ये दाखवला, २०११ साली तो बाजारात आला आणि त्याने सगळ्या बाजाराचं लक्ष वेधलं. निकॉनने २०१३ साली डीएफ काढला, त्यात व्हिडिओ मुद्दाम दिलाच नव्हता. मग २०२१ साली झेडएफसी आणि २०२३ साली झेडएफ आला. हे शेवटचे दोन सरळ सरळ एफएम२ चे नातू आहेत. एफएम२ १९८२ चा. त्याचं शटर पूर्णपणे यांत्रिक, १/४००० पर्यंत जाणारं, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरती. ती संपली तरी फोटो निघत असे.

पहिली पायरी: दुकानात कॅमेरा बंद ठेवून बघा

विक्रेता कॅमेरा चालू करून देतो आणि आपण स्क्रीन बघत बसतो. तसं करू नका. बंद कॅमेरा मागा आणि स्वतःला विचारा: तिन्ही आकडे मला आत्ता वाचता येताहेत का?

फुजीच्या एक्स-टी५ वर शटर आणि आयएसओच्या डायली वर आहेत, ॲपर्चर लेन्सच्या रिंगवर आहे. लेन्स एक्सएफ ३५ एफ/२ किंवा एक्सएफ २३ एफ/२ सारखी असेल (३५, २३ हे मिलिमीटर; आकडा मोठा तितकं दृश्य जवळ) तर रिंगवर आकडे छापलेले असतात. तिन्ही दिसतात, परीक्षा पास. पण त्याच कॅमेऱ्यावर एक्सएफ १८-५५ झूम लावली तर रिंग आहे आणि आकडे नाहीत, कारण झूम करताना सगळ्यात मोठं भोक २.८ वरून ४ वर जातं. आणि एक्ससी जातीच्या लेन्सना रिंगच नसते. म्हणजे कॅमेऱ्याइतकाच प्रश्न लेन्सचा आहे. कॅमेरा घेताना सोबत मिळते म्हणून एक्ससी झूम उचलली, तर ज्या घडणीसाठी पैसे मोजले तिचा तिसरा पाय घरी आलाच नाही.

निकॉन झेडएफवर शटर, आयएसओ आणि एक्स्पोजर (फोटोचा उजेड) कमी-जास्त करायची अशा तीन डायली आहेत, पितळेच्या, हाताला वजनदार लागणाऱ्या. पण निकॉनच्या झेड लेन्सना छापील ॲपर्चर रिंग नसते, ४० एफ/२ एसई दिसायला जुन्या निक्कॉर, म्हणजे निकॉनच्याच, लेन्ससारखी असली तरी. एफचा आकडा वरच्या एका चिमुकल्या खिडकीत दिसतो, आणि ती खिडकी म्हणजे छोटा डिस्प्ले आहे. कॅमेरा चालू असेल तरच त्यातून काही कळतं. लेन्सची रिंग मेन्यूतून ॲपर्चरला जोडता येते, मात्र तिला टिक नाही आणि आकडेही नाहीत. हा दोष मला मनापासून खटकतो. त्यावर उपाय आहे: कोसिना कंपनीच्या व्हॉइग्टलँडर नावाच्या, निकॉनच्या झेड माउंटला (लेन्स बसवायच्या कड्याला) लागणाऱ्या लेन्स. त्यांना खरी रिंग असते, फोकस मात्र हाताने करावा लागतो. दुसरा उपाय जुन्या लेन्सचा, त्याबद्दल पुढे.

मग पकडून बघा. एफएम२ साधारण ५४० ग्रॅमचा होता आणि त्यावर छोटी ५० मिलिमीटरची लेन्स असायची. झेडएफ बॅटरी आणि कार्डासकट सुमारे ७१० ग्रॅम भरतो, आणि पुढून सपाट असल्याने बोटांना धरायला उंचवटा फारसा नाही. मोठी झूम लावून अर्धा तास हातात धरला की मनगट बोलायला लागतं. या बांध्याला लहान लेन्सच शोभते आणि झेपते. मोठ्याच लेन्स वापरायच्या असतील तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही, खोल पकड असलेला नेहमीचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, डिजिटल कॅमेरा घ्या आणि सुखी राहा.

दुसरी पायरी: कोणाला कोणता

घरात जुन्या निकॉन लेन्स असतील तर झेडएफ. पूर्ण चौकटीचा २४.५ मेगापिक्सेल सेन्सर आहे आणि बॉडीतच स्थिरीकरण आहे (हात हलला तरी चित्र स्थिर राहतं), म्हणजे १९७० च्या दशकातली लेन्ससुद्धा कमी उजेडात हातात धरून वापरता येते. बजेट कमी असेल तर झेडएफसी. सेन्सर लहान, वजन कमी, स्थिरीकरण नाही.

डायली शिकायच्याच असा निश्चय असेल तर माझं मत फुजीकडे झुकतं. कारण पुढच्या पायरीत येईल.

एकाच लेन्सवर राहायची तयारी असेल तर एक्स१००व्हीआय, २०२४ चा. २३ मिलिमीटर एफ/२ लेन्स बॉडीला कायमची जोडलेली, ४०.२ मेगापिक्सेल, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, काचेतून थेट बघायचं की इलेक्ट्रॉनिक चित्र बघायचं हे एका खटक्याने ठरवता येतं. लेन्स बदलता येत नाही ही नवशिक्यासाठी अडचण समजली जाते. मला ती मोठी सोय वाटते, पाय चालायला लागतात. पाऊस झेपावा म्हणून मात्र पुढे वेगळी रिंग आणि फिल्टर लावावा लागतो, नुसत्या कॅमेऱ्यावर विसंबू नका.

सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्याने ओएम-३ बघावा. त्याला धूळ-पाण्यापासून आयपी५३ दर्जाचं संरक्षण आहे आणि लेन्स छोट्या असतात. २०२५ चा फुजीचा एक्स हाफ हे गमतीचं आणि गोड यंत्र आहे: फिल्म कॅमेरा मोडमध्ये ठरवलेले फोटो पूर्ण होईपर्यंत मागे काहीच दिसत नाही. पण रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) मिळत नाही, म्हणून पहिला आणि एकमेव कॅमेरा म्हणून मी तो सुचवणार नाही.

तिसरी पायरी: डायल कधी खोटं सांगते ते शिका

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, सावकाश वाचा.

झेडएफवर आयएसओच्या डायलीखाली एक खटका आहे: ऑटो, पी, एस, ए, एम. पी म्हणजे शटर आणि ॲपर्चर दोन्ही कॅमेऱ्याकडे, एस म्हणजे शटर तुमच्याकडे, ए म्हणजे ॲपर्चर तुमच्याकडे, एम म्हणजे दोन्ही तुमच्याकडे. खटका ए किंवा पी वर असेल तर शटर स्पीड कॅमेरा ठरवतो. त्या वेळी शटरची डायल ५०० वर असो की ३० वर, तिला काहीही अर्थ नसतो. ती फक्त एस आणि एम वर जागी होते. नवा माणूस खटका ए वर ठेवतो, डायल फिरवतो, काही बदलत नाही, आणि "या डायली नुसत्या दिखाऊ आहेत" असं ठरवून मोकळा होतो. डायल दिखाऊ नाही, खटक्याने तिला झोपवलेलं आहे. तेव्हा पहिल्या दिवशीच खटका एम वर न्या आणि महिनाभर तिथेच असू द्या.

दुसरा सापळा ऑटो आयएसओचा. मेन्यूत तो चालू असेल तर डायलवर ४०० असताना फोटो ३२०० ला निघालेला असू शकतो. शिकताना तो बंद ठेवा. आयएसओच्या डायलीवर सी असं अक्षर आहे; डायल तिथे ठेवली की आकडा डायलीवरून वाचता येत नाही. तेही सध्या नको. शटरच्या डायलीवर १/३ स्टेप अशी एक जागा आहे, तिथे शटर मागच्या चाकाने बदलतं. तिचा उपयोग थोड्याच वेळात सांगतो.

फुजीचा विचार मला इथे जास्त स्वच्छ वाटतो. तिथे पी-एस-ए-एम असा खटकाच नाही. ॲपर्चरच्या रिंगवर आकड्यांच्या पलीकडे ए अक्षर आहे, शटरच्या डायलीवर ए आहे, आयएसओच्या डायलीवरही ए आहे. ज्या डायलीवर ए, ती गोष्ट कॅमेरा बघणार. ज्या डायलीवर आकडा, ती तुम्ही. दोन्हीकडे ए ठेवलं की झाला प्रोग्रॅम मोड. फक्त शटर ए वर ठेवलं की ॲपर्चर तुमच्या हातात. कॅमेरा बंद असतानाही कळतं की कोण काय ठरवणार आहे. अपवाद एकच: मागच्या चाकाने शटर छापील आकड्याच्या थोडं इकडेतिकडे सरकतं, आणि खिशातून काढताना ते चाक नकळत फिरतं. आकडा जुळत नसेल तर आधी ते चाक तपासा.

आता ट्यूबलाइट आणि एलईडी. जुन्या डायलीवर ६० आणि १२५ आहेत, कारण आकडे दुपटीने चढत जातात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरून १/१२५ ला घरात फोटो काढला, तर चित्रावर काळसर पट्टे येऊ शकतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. शक्यतो यांत्रिक शटर वापरा. आवाज नकोच असेल तर शटर १/१०० किंवा १/५० ला ठेवा, आणि त्यासाठीच झेडएफवर ती १/३ स्टेपची जागा किंवा फुजीवर मागचं चाक. सभागृहात, कीर्तनात, शाळेच्या स्नेहसंमेलनात हे नक्की लागतं.

चौथी पायरी: पहिला आठवडा, आधी अंदाज

मामा मीटर असूनही आधी अंदाज करायचे. फिल्मवाल्यांचा जुना नियम असा: कडक ऊन असेल तर ॲपर्चर १६, आणि शटर आयएसओच्या आकड्याजवळचं. आयएसओ २०० असेल तर शटर २५०. ऊन थोडं धुरकट असेल तर ११. ढगाळ पण उजळ असेल तर ८. आभाळ दाटून आलं असेल तर ५.६. उन्हाच्या वेळी इमारतीच्या सावलीत ४.

जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एफ/१६ ला चित्र किंचित मऊ होतं, म्हणून मी तेच गणित सरकवून वापरतो. १६ आणि २५० म्हणजेच ११ आणि ५००, म्हणजेच ८ आणि १०००. दोन टिक इकडे, दोन टिक तिकडे.

आठवडाभर रोज एवढंच करा. घराबाहेर पडायच्या आधी, कॅमेरा बंद असताना, आकाशाकडे बघून तिन्ही आकडे लावा. मग चालू करून व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजरचा परिणाम आधीच दिसतो, त्यामुळे चूक लगेच कळते. एफएम२ मध्ये मामांना फक्त अधिक, शून्य आणि उणे एवढे तीन लाल दिवे दिसायचे आणि बाकीचं रोल धुतल्यावर. चार-पाच दिवसांत तुमचा अंदाज एका टिकेच्या आत यायला लागेल, हे मी खात्रीने सांगतो. रात्री घरातल्या उजेडासाठी आयएसओ ३२००, शटर ६० आणि एफ/२ पासून सुरुवात करा, मग गरजेप्रमाणे हलवा.

फाइलचं विचाराल तर रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवा. झेडएफवर शटरच्या डायलीखाली एक खटका थेट कृष्णधवलवर जातो. उन्हा-सावलीचा खेळ शिकायला त्यासारखं दुसरं काही नाही, कारण व्ह्यूफाइंडरमध्येच जग काळं-पांढरं दिसतं. आणि रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात, म्हणून मन बदललं तरी काही गमावलेलं नसतं. फुजीवर ॲक्रॉस (कृष्णधवल) किंवा क्लासिक क्रोम (रंगीत) यांपैकी एक फिल्मसारखी छटा लावा आणि निदान महिनाभर तेवढंच वापरा. झेडएफमध्ये दोन कार्ड बसतात, त्यातलं दुसरं मोबाइलसारखं मायक्रोएसडी असतं. रॉ मोठ्या कार्डावर, जेपेग छोट्यावर, अशी वाटणी सोयीची पडते.

पाचवी पायरी: जुन्या लेन्स

मिररलेस कॅमेऱ्याची मोठी देणगी म्हणजे जवळजवळ कोणत्याही जुन्या एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या, कॅमेऱ्याची लेन्स त्याला लावता येते. कारण अंतराचं आहे. लेन्सच्या मागच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर निकॉन एफला ४६.५ मिलिमीटर होतं, ऑलिंपस ओएमला ४६, पेंटॅक्सच्या के माउंटला ४५.४६, कॅननच्या एफडीला ४२. मध्ये आरसा हलायला जागा लागायची म्हणून ते मोठं. आता आरसा गेला. निकॉन झेडला ते अंतर फक्त १६ आहे आणि फुजी एक्सला १७.७. मधली जागा भरून काढणारी नळी म्हणजे अडॅप्टर. निकॉन एफची लेन्स झेडवर लावायची तर ती नळी ३०.५ मिलिमीटरची हवी.

नुसता यांत्रिक अडॅप्टर स्वस्त असतो, आत काच नसते. पण माप चुकलेलं असू शकतं. मी घेतलेला पहिला अडॅप्टर किंचित जाड निघाला. पुण्यातल्या गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर काही केल्या स्पष्ट होईना, आणि मी दोन आठवडे लेन्सलाच दोष देत बसलो. तेव्हा अडॅप्टर हातात आल्याबरोबर ही तपासणी करा: लेन्सचं सगळ्यात मोठं भोक उघडा, फोकस अनंतावर न्या, चंद्र किंवा लांबचा दिवा बघा. स्पष्ट दिसत नसेल तर अडॅप्टर परत करा. अनंताच्या खुणेच्या थोडं आधीच स्पष्ट झालं तर चालतं.

फुजीवर लेन्स लावूनही शटर दबत नसेल तर घाबरू नका. अडॅप्टरमधून विजेची जोडणी नसल्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं की लेन्सच नाही. मेन्यूत लेन्सशिवाय फोटो काढू देण्याचा पर्याय आहे तो चालू करा. निकॉनवर लेन्सची माहिती मेन्यूत भरा, म्हणजे फोकल लांबी ५० मिलिमीटर, सगळ्यात मोठं भोक एफ/१.८. ही लांबी चुकीची भरली तर स्थिरीकरण चुकीच्या प्रमाणात काम करतं. लहान सेन्सरवर दृश्य आवळलं जातं हेही ध्यानात असू द्या: ५० ची लेन्स फुजीवर ७५ सारखी वागते, ओएम-३ वर १०० सारखी.

फोकस हाताने करायचा. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून बघण्याचं बटण अंगठ्याजवळ नेमून घ्या. कडांना रंग देणारी पीकिंगची सोय आहे, पण एफ/२ च्या आत माझा तिच्यावर भरवसा नाही.

आणि मग बघा काय होतं. झेडएफवर मामांची ५० लावली की लेन्सवर छापील रिंग परत येते, टिकेसकट. शटर वर, आयएसओ वर, ॲपर्चर डाव्या हातात. निकॉनच्या नव्या लेन्सनी जी रिंग गाळली ती १९८० ची लेन्स भरून देते.

जुनी लेन्स विकत घेताना बुरशी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा कुठेही घेत असाल, खिशात छोटी टॉर्च असू द्या. भोक पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. थोडी धूळ फोटोत दिसत नाही, तिचा बाऊ करू नका. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक दिसते का आणि त्या झटकन मिटतात का, तेही बघा. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पाकिटात बंद करून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. आणि लेन्स वापरत राहा, आठवड्यातून एकदा उजेड दाखवा.

घरच्या जुन्या कॅमेऱ्यातच सेन्सर बसवता येईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत आजोबांचा किंवा वडिलांचा कॅमेरा असतो. रोलच्या जागी बसेल असं डिजिटल काडतूस करण्याचा प्रयत्न सिलिकॉन फिल्म नावाच्या कंपनीने १९९० च्या दशकाच्या शेवटी केला होता; ते बाजारात पोचलंच नाही. अडचण वर सांगितली तीच: फिल्म जिथे बसते तिथे सेन्सरचा पृष्ठभाग केसभरही न चुकता बसायला हवा, त्याला वीज हवी, आणि शटर कधी उघडलं हे त्याला कळायला हवं. लायकाने आर८ आणि आर९ या फिल्म कॅमेऱ्यांसाठी १० मेगापिक्सेलची डिजिटल पाठ खरोखर काढली होती, पण ती त्या दोनच मॉडेलना लागायची.

हे आज नीट जमतं ते हॅसलब्लाडला. त्यांच्या व्ही मालिकेच्या कॅमेऱ्यांची फिल्मची पेटी पहिल्यापासून वेगळी निघते, म्हणून तिच्या जागी सीएफव्ही ही डिजिटल पाठ लागते, आणि १९५७ पासूनच्या बहुतेक व्ही कॅमेऱ्यांना ती बसते. पन्नास वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यातून आज ५० किंवा १०० मेगापिक्सेलचा फोटो. किंमत मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे.

घरचा एफएम२, पेंटॅक्स के१००० किंवा यशिका चालू असेल तर त्याचं पोट कापू नका. त्यात वर्षातून दोन रोल घाला, लेन्स निघत असेल तर ती डिजिटल बॉडीवर वापरा. मी अलीकडे दोन्ही कॅमेरे एकाच पिशवीत नेतो: झेडएफवर अंदाज तपासतो, मग तेच आकडे एफएम२ वर लावतो. आयएसओ ४००, शटर ५००, ॲपर्चर ११, दोन्हींवर एकाच जागी. गेल्या रोलमधल्या ३६ पैकी ३१ फोटो बरोबर उजेडाचे आले.